सुकं बी जिवंत असतं का? सजीवांची सात लक्षणं आणि आगीचा घोळ

पाटीपेन्सिल

सहावीच्या वर्गासाठी 'सजीव आणि निर्जीव' हा पाठ तयार करते आहे. सात लक्षणांची यादी सगळ्यांना ठाऊक आहे: हालचाल, पोषण, श्वसन, उत्सर्जन, वाढ, संवेदनक्षमता, प्रजनन. मुलं ती पाठ करतात आणि लगेच आपल्यावर उलटवतात. आग वाढते, ऑक्सिजन घेते, लाकूड खाते, राख मागे टाकते, वाऱ्याने वळते, एका मेणबत्तीवरून दुसरीवर जाते. म्हणजे जवळजवळ सगळ्या खुणा जुळल्या! उलट खेचराला पिल्लं होत नाहीत आणि डब्यातलं सुकं बी वर्षभर काहीच करत नाही, तरी ती दोघं सजीवांच्या रकान्यात.

विचारायचं आहे ते असं:

१. यादीपेक्षा पक्की, पण मुलांना झेपेल अशी कसोटी आहे का?

२. सुकं बी जिवंत आहे की मेलेलं, हे पेरल्याशिवाय कळतं का?

३. 'सजीवांना काय लागतं' यासाठी दोन नेहमीचे प्रयोग केले. पट्टीवर तीन वाटाणे बांधून पट्टी पाण्यात उभी करायची, म्हणजे एक बुडालेला, एक पाण्याच्या रेषेवर, एक हवेत. बुडालेल्यालाही मोड आला. दुसरा प्रयोग अंधार-उजेडाचा. त्यात अंधारातलं रोप उजेडातल्यापेक्षा उंच झालं. दोन्ही पुस्तकाच्या उलट. कुठे चुकतंय?

साहित्य शक्यतो साधं असावं.

सूक्ष्मदर्शक

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

यादी चुकीची नाही, पण ती व्याख्याही नाही. ताप आणि खोकला ही जशी आजाराची लक्षणं, तशी ही सात जिवंतपणाची लक्षणं. लक्षणं जुळली म्हणून आजार तोच असेल असं नाही, आणि एखादं लक्षण दिसलं नाही म्हणून माणूस ठणठणीत असेल असंही नाही.

गोंधळ होतो तो दोन प्रश्न एकात कोंबल्यामुळे. खरं तर मराठीत त्यांच्यासाठी शब्दांच्या दोन जोड्या तयार आहेत: सजीव-निर्जीव आणि जिवंत-मृत. पहिली जोडी वस्तू कोणत्या प्रकारची आहे ते सांगते, दुसरी तिची आजची अवस्था. दगडाला कोणी 'मेलेला' म्हणत नाही. वाळलेल्या पानाला म्हणतो. म्हणून फळ्यावर दोनाऐवजी तीन रकाने आखा: जिवंत, मेलेलं (किंवा जिवंताच्या शरीरातून आलेलं) आणि कधीच जिवंत नसलेलं. लाकडी टेबल, लोकर, शंख, दगडी कोळसा यांवरचे वाद तिथेच मिटतात.

आता कसोटी. सातऐवजी तीन प्रश्न विचारायला लावा.

आत आणि बाहेर वेगळं ठेवणारी स्वतःची भिंत आहे का? म्हणजे पेशी, आणि तिच्याभोवतीचं पटल.

बाहेरून घेतलेल्या पदार्थातून आणि ऊर्जेतून ती वस्तू स्वतःचेच भाग बनवते आणि दुरुस्त करते का? म्हणजे चयापचय.

'कसं बनायचं' याच्या सूचना तिच्या आत आहेत का, आणि पुढच्या पिढीला त्यांची नक्कल मिळते का? म्हणजे वारसा.

आगीला हे लावून बघा. पटल नाही. इंधन जळतं खरं, पण त्यातून ज्योत स्वतःचा एकही भाग घडवत नाही. आणि वारसा तर शून्यच. शेगडीच्या निळ्या ज्योतीवर मेणबत्ती पेटवा, मेणबत्तीची ज्योत पिवळीच निघते. तीच मेणबत्ती काडीने पेटवा, तरी पिवळीच. ज्योत कशी असेल ते समोरचं मेण, वात आणि हवा ठरवतात. जिच्यावरून ती पेटली तिच्याकडून काहीच येत नाही. बाभळीच्या सावलीत पेरलं म्हणून आंब्याच्या कोयीतून बाभूळ उगवत नाही. अर्ध्या मिनिटाचा प्रयोग आहे आणि मुलं तो विसरत नाहीत.

मिठाचा स्फटिकही वाढतो, पण बाहेरून थर चढून, आणि द्रावणात जे आहे तेच त्याच्यावर चढतं. पेशी आत घेते एक आणि बनवते भलतंच. गवतात नसलेली प्रथिनं गाईच्या अंगात असतात.

खेचराबाबत चूक होते ती पातळीची. प्रजनन ही कसोटी वंशाला लावायची, एकेका प्राण्याला नाही. नाहीतर कामकरी मधमाशी आणि म्हातारी आजी यांनाही निर्जीव म्हणावं लागेल. खेचराच्या त्वचेतल्या, आतड्यातल्या पेशी रोज विभागतात, डीएनएच्या नकला होत राहतात. ते जिवंत आहे, यात शंकेला जागा नाही.

वरच्या वर्गांसाठी याहून मजेदार उदाहरण म्हणजे आपली तांबडी रक्तपेशी. तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) नाहीत, ती विभागू शकत नाही. तरी साधारण १२० दिवस ती ग्लुकोज वापरून ऊर्जा मिळवते आणि पटलातून सोडियम बाहेर, पोटॅशियम आत असा उपसा चालू ठेवते. उपसा थांबला की संपली. म्हणजे जिवंत आहे, पण तिच्यापासून पुढे वंश नाही.

नासाने १९९४ च्या सुमारास कामापुरती एक व्याख्या स्वीकारली: स्वतःला टिकवून धरणारी आणि डार्विनच्या अर्थाने उत्क्रांत होऊ शकणारी रासायनिक यंत्रणा. व्याख्या चांगली आहे, पण तिलाही फट आहेच. एकटा ससा उत्क्रांत होत नाही, सशांची पिढी-परंपरा होते. सहावीला ती सांगू नका.

बीजांकुर

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्या गल्लीतले.

सुकं बी मेलेलं नसतं, पण त्याचा कारभार जवळजवळ बंद असतो. साठवणीतल्या बियात साधारण ५ ते १४ टक्के पाणी असतं. इतक्या कमी पाण्यात पेशीतले विकर (एन्झाइम) कामच करू शकत नाहीत, त्यामुळे श्वसन मोजता येणार नाही इतकं मंद होतं. ढोबळ नियम असा की बियातलं पाणी १ टक्क्याने कमी केलं किंवा साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं, की आयुष्य दुप्पट होतं. दोन्ही बाजूंना मर्यादा आहेत, अगदी कोरडं केलं तर उलट नुकसान होतं. बीजपेढ्या म्हणूनच बी ३ ते ७ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवतात.

किती काळ टिकतं याची दोन उदाहरणं. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये वीस बाटल्यांत बिया भरून जमिनीत पुरल्या. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये काढली तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बिया उगवल्या. आणि इस्राएलमधल्या मसाडा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेलं सुमारे २००० वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ मध्ये रुजलं. अर्थात बहुतेक बियांच्या नशिबी हे नसतं.

पेरल्याशिवाय ओळखायचं तर टेट्राझोलियम चाचणी. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळा हीच करतात.

मक्याचे दाणे १६ ते १८ तास पाण्यात भिजवा. धारदार पात्याने भ्रूणाच्या मधोमध उभे चिरा. ट्रायफिनाइल टेट्राझोलियम क्लोराइडचं ०.१ ते १ टक्का द्रावण घ्या, त्याचा सामू (पीएच) ६.५ ते ७.५ हवा. चिरलेली बाजू द्रावणात बुडेल असं ठेवून ३० अंशांना, अंधारात, २ ते ४ तास. जिवंत पेशींतले विकर या रंगहीन रसायनाचं लाल रंगात रूपांतर करतात. भ्रूण लाल म्हणजे जिवंत, पांढरा म्हणजे मेलेला, ठिपके-ठिपके म्हणजे अर्धवट जिवंत. अशा वेळी मुळाचं आणि कोंबाचं टोक रंगलंय का ते बघायचं.

कुठे फसतं: द्रावण आम्लधर्मी झालं तर जिवंत भ्रूणही रंगत नाही. उजेडात ठेवलं तर द्रावण आपोआप लालसर होतं. बी कुजकं असेल तर बुरशी-जिवाणू रंगतात आणि आपण फसतो. आणि दहा मिनिटं उकळलेले दाणे शेजारी हवेतच, नाहीतर 'न रंगलेलं' कसं दिसतं ते कळणार कसं? हातमोजे घाला, भिजवणं-चिरणं मुलांनी बघावं आणि रसायन मोठ्यांनी हाताळावं.

या चाचणीत एक गंमत दिसते. उत्तम जिवंत मक्याच्या दाण्यातही पिठूळ भाग पांढराच राहतो, कारण पक्व दाण्यात तो मेलेलाच असतो. दाण्याचा बहुतेक भाग म्हणजे मेलेली शिदोरी, आणि तिच्या कडेला बसलेला छोटासा जिवंत भ्रूण. सूक्ष्मदर्शक यांचे 'जिवंत' आणि 'मेलेलं' हे दोन्ही रकाने एकाच दाण्यात दाखवता येतात.

रसायन मिळत नसेल तर सरळ उगवणच बघा. ५० बिया, ओल्या टीपकागदाची गुंडाळी, २५ अंश, सात दिवस.

आता तुमचे फसलेले प्रयोग. पट्टीवरच्या तीन वाटाण्यांचा प्रयोग मुळातच कच्चा आहे, कारण प्रत्येक अवस्थेत एकच बी. शंभरात दहा बिया मुळात मेलेल्या असल्या आणि नेमकी त्यातली एक रेषेवर बांधली गेली, तर निष्कर्ष उलटा निघणार. एका अवस्थेला निदान २० बिया घ्या.

बुडालेल्याला मोड आला, कारण नळाच्या पाण्यात ऑक्सिजन असतो. २५ अंशांना हवेशी संपर्कात असलेल्या लिटरभर पाण्यात तो सुमारे ८ मिलिग्रॅम विरघळलेला असतो. लिटरभर हवेत त्याच्या तीसेक पट. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. थोडक्यात, मोडाचं टोक बाहेर काढण्यापुरता पुरतो, पुढे वाढण्यापुरता नाही. पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून थंड करा, बाटलीत हळूच ओता, बिया टाका, वर सेंटीमीटरभर तेलाचा थर द्या. दुसऱ्या बाटलीत तितक्याच बिया नुसत्या ओल्या कापडात. चार दिवसांत फरक उघड दिसतो. भाताचं बी मात्र या प्रयोगाला घेऊ नका. त्याचा कोंब ऑक्सिजनशिवायही लांबतो आणि सगळा प्रयोग हास्यास्पद होतो.

कुंडीत पाणी जास्त झाल्याने रोप मरतं त्याचं कारणही हेच. पाणी त्याला मारत नाही, मुळांना हवा मिळत नाही.

अंधारातलं रोप उंच होतं हे बरोबरच आहे, तुमचं काही चुकलं नाही. उजेड शोधण्यासाठी ते साठवलेलं अन्न खोड ताणण्यात घालतं. पानं बारीक, रंग पिवळा, खोड लुळं. 'उंची म्हणजे वाढ' हे गृहीतक चुकलं. कोरडं वजन मोजा. सारख्या वजनाच्या बियांचे तीन गट करा, प्रत्येकी ५०. पहिला गट लगेच ८० अंशांच्या भट्टीत, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण २४ ते ४८ तास. दुसरा उजेडात आणि तिसरा अंधारात, १२ ते १४ दिवस वाढवून मग मुळांसकट, सालीसकट तसाच वाळवा. अंधारातला गट सुरुवातीच्या बियांपेक्षाही हलका भरतो, कारण श्वसनात त्यांचा कर्ब वायू होऊन उडून गेला. उजेडातला गट नवं अन्न बनवू लागल्याने त्याच्या पुढे जातो. ओलं वजन केलंत तर सगळे गट 'वाढलेले' दिसतील. ते नुसतं पाणी.

आणि 'उगवायला प्रकाश लागतो' असं सरसकट सांगू नका. बहुतेक बियांना लागत नाही. काहींना लागतो, उदाहरणार्थ लेट्यूसच्या काही वाणांना. तिथे लाल प्रकाश उगवण सुरू करतो आणि त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश ती थांबवतो. हे १९५२ मध्ये दाखवलं गेलं.

किण्व

बियांना आठवडा लागतो. एका तासिकेत जिवंतपणा दाखवायचा तर यीस्ट घ्या.

अर्ध्या लिटरच्या चार सारख्या बाटल्या, चार फुगे. फुगे आधी दोन-तीनदा फुगवून सैल करा, नवा फुगा फार ताठ असतो. प्रत्येक बाटलीत ३८ अंशांचं १०० मिलिलिटर पाणी.

पहिलीत ५ ग्रॅम सुकं यीस्ट आणि १० ग्रॅम साखर. दुसरीत फक्त यीस्ट. तिसरीत दहा मिनिटं उकळून त्याच तापमानाला आणलेलं यीस्ट आणि साखर. चौथीत फक्त साखर. तोंडाला फुगे चढवून बाटल्या ३५ ते ४० अंशांच्या पाण्याच्या टबात. पाऊण तासात पहिला फुगा उभा राहतो.

यात चौथी बाटली सगळे वगळतात आणि तिथेच घोळ होतो. कोमट पाण्याने बाटलीतली ४०० मिलिलिटर हवा २५ वरून ३८ अंशांवर गेली तर ती सुमारे १७ मिलिलिटर फुगते. फुगा थोडा हलतो आणि मुलं ओरडतात, 'झालं जिवंत!' दुसऱ्या बाटलीतही थोडा वायू येतो, कारण यीस्टच्या पेशीत स्वतःचा साखरसाठा असतो. तो बघून 'अन्न लागत नाही' असा निष्कर्ष काढू नका. पाणी ५५-६० अंशांच्या वर गेलं तर यीस्ट मरतं आणि पहिली बाटलीही गप्प राहते. हाताला सोसतंय म्हणून चालेल असं करू नका, तापमापी वापरा.

आता खरी मेख. पाचव्या बाटलीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घाला. फुगा क्षणात टम्म. वायू चुन्याच्या निवळीत सोडला तर निवळी दुधाळ होते, यीस्टच्या वायूनेही तशीच होते. दोन्हीकडे कार्बन डायऑक्साइडच. म्हणजे वायू येणं हा जिवंतपणाचा पुरावा नाही!

फरक पुढे दिसतो. सोड्याचा वेग पहिल्या क्षणी सर्वात जास्त, मग उतरत जातो. यीस्ट सुरुवातीला मंद, मग वेग घेतं. आणि मुख्य म्हणजे यीस्ट पुढे नेता येतं. पहिल्या बाटलीतलं ५ मिलिलिटर ताज्या ९५ मिलिलिटर साखरपाण्यात घाला, दुसऱ्या दिवशी त्यातलं ५ पुढच्यात, असं पाच वेळा. दर वेळी विसांश होतं, म्हणजे या साखळीतल्या पाचव्या बाटलीत मूळ द्रव्य ३२ लाखांत एक भाग. सोडा-व्हिनेगर दुसऱ्याच बाटलीत संपतं. यीस्ट पाचव्यातही वायू देतं, कारण मधल्या काळात ते वाढलेलं असतं. वारसा म्हणजे काय ते याहून स्वस्तात दाखवता येत नाही.

एक पथ्य: नुसत्या साखरपाण्यात यीस्ट आंबवतं, पण धड वाढत नाही, नायट्रोजन आणि क्षार कुठून आणणार? तिसऱ्या बाटलीसाठी यीस्ट उकळताना जरा जास्त उकळा आणि त्याचं गाळलेलं पाणी नव्या बाटल्यांत मिसळा. मेलेल्या यीस्टवर जिवंत यीस्ट पोसलं जातं. झाकण सैल ठेवा, हवा असली तर वाढ जोमाने होते.

हीच अडचण मंगळावर आली होती. १९७६ मध्ये व्हायकिंगच्या दोन यानांनी मंगळाच्या मातीवर किरणोत्सारी कार्बन असलेलं पोषक द्रव शिंपडलं आणि किरणोत्सारी वायू बाहेर पडला. माती आधी १६० अंशांना तापवली तर तो जवळजवळ थांबला. यीस्टच्या तिसऱ्या बाटलीसारखंच! पण दुसऱ्यांदा द्रव शिंपडल्यावर वायूचा वेग वाढला नाही आणि सेंद्रिय पदार्थ शोधणाऱ्या उपकरणालाही मातीत ठोस काही मिळालं नाही. २००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार (सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडीकरण करू शकणारे) सापडले. आज बहुतेकांचा कल 'ते मातीचंच रसायन होतं' याकडे आहे. मेलेला नमुना शेजारी ठेवणं आवश्यक, पण तेवढ्याने भागत नाही.

पाटीपेन्सिल

खजिनाच मिळाला. तीन रकाने आणि निळ्या-पिवळ्या ज्योतीचा प्रयोग लगेच घेते.

दोन उपप्रश्न. विषाणू कुठल्या रकान्यात टाकायचा? आणि 'हवा, पाणी, अन्न, सूर्यप्रकाश, योग्य तापमान' ही गरजांची यादी सगळ्या सजीवांना खरोखर लागू आहे का, की तीही सात लक्षणांसारखीच?

सूक्ष्मदर्शक

विषाणूचा रकाना फळ्यावर रेषेवरच काढावा लागतो.

त्याच्याजवळ सूचना आहेत, डीएनए किंवा आरएनएच्या रूपात. त्या पुढे जातात, चुका होतात, निवड होते, म्हणजे उत्क्रांती होते. पण प्रथिनं बनवणारे रायबोझोम त्याच्याकडे नाहीत आणि तो स्वतःची ऊर्जा बनवत नाही. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूवरच्या केवडा (मोझॅक) रोगाच्या विषाणूचे स्फटिक मिळवले. ते स्फटिक पाण्यात विरघळवून पानावर चोळले की पान पुन्हा आजारी. १९५५ मध्ये तर त्याच विषाणूचं प्रथिन आणि आरएनए वेगवेगळं करून परत एकत्र केलं, आणि नळीत आपोआप रोगकारक विषाणू जुळला. कुठल्याही पेशीबाबत हे आजवर जमलेलं नाही.

'मग सुकं बीही काहीच करत नाही की' असं मूल म्हणेल. फरक सांगायचा तो असा: बियाला पाणी, हवा, ऊब द्या, ते स्वतःच्या यंत्रांनी जागं होतं. विषाणूला काहीही द्या, अगदी पोषक द्रवात वर्षभर ठेवा, काही होत नाही. त्याला दुसऱ्याची चालू पेशीच लागते. म्हणूनच काटेकोर लिहिणारे विषाणू 'मेला' असं न म्हणता 'निष्क्रिय झाला' म्हणतात.

आकारावरून मात्र ठरवू नका. २००३ मध्ये ओळखल्या गेलेल्या मिमीव्हायरस या मोठ्या विषाणूचा जनुकसंच (सगळ्या सूचनांचा संच) सुमारे १२ लाख अक्षरांचा आहे आणि मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या अस्सल जिवाणूचा फक्त ५ लाख ८० हजारांचा. २०१६ मध्ये प्रयोगशाळेत छाटून छाटून केलेल्या सर्वात लहान जनुकसंचाच्या जिवाणूत ४७३ जनुकं उरली, आणि त्यातली १४९ नेमकी काय करतात हे तेव्हा कळलेलं नव्हतं. म्हणजे जगण्याला किमान काय लागतं, त्याच्या यादीतला जवळजवळ एक तृतीयांश भाग कोराच होता.

खोलपाणी

गरजांच्या यादीला कात्री लावतो.

सूर्यप्रकाश: सगळ्यांना थेट लागत नाही, हे बुरशीवरूनही कळतं. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोल समुद्रतळावर गरम झऱ्यांभोवती जीवांची वस्ती सापडली. तिथल्या मोठ्या नळीकृमींना तोंड नाही, आतडं नाही. त्यांच्या अंगातले जिवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा काढतात आणि कृमी त्यावर जगतो. हे उदाहरण 'सूर्याशिवाय जीवन' म्हणून सांगतात, पण ते पूर्ण खरं नाही. ते सल्फाइड जाळायला लागणारा ऑक्सिजन वरून येतो, आणि तो हिरव्या वनस्पती-शैवालांनीच सूर्यप्रकाशात बनवलेला असतो. सूर्याशी खरोखर फारकत घेतलेला जीव हवा तर दक्षिण आफ्रिकेतल्या म्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल सापडलेला जिवाणू घ्या. खडकातल्या किरणोत्सारामुळे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, त्यावर तो चालतो.

ऑक्सिजन: असंख्य जिवाणूंना लागत नाही, काहींना तो विषच. प्राण्यांना तरी लागतोच असं वाटत होतं. २०२० मध्ये सामन माशाच्या स्नायूत राहणाऱ्या एका चिमुकल्या परजीवी प्राण्यात तंतुकणिकांचा जनुकसंचच नसल्याचं दिसलं, म्हणजे तो ऑक्सिजन वापरून श्वसन करूच शकत नाही. तुमच्या पाठासाठी 'हवा' हा शब्द तसाही निसरडा आहे. वनस्पतीला हवेतून दोन वेगळ्या कारणांसाठी दोन वायू लागतात: अन्नासाठी कार्बन डायऑक्साइड उजेडात, श्वसनासाठी ऑक्सिजन दिवसरात्र.

तापमान: 'योग्य' कोणासाठी? एका सागरी सूक्ष्मजीवाची १२२ अंशांना, मोठ्या दाबाखाली, वाढ नोंदली गेली आहे (२००८). एवढ्या दाबाखाली पाणी उकळत नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. जिथे पाणी द्रवरूप राहतं तिथेच वाढ.

म्हणजे यादीत खरोखर उरतं ते एवढं: द्रवरूप पाणी, ऊर्जेचा कुठला तरी स्रोत, आणि शरीर बांधायला मूलद्रव्यं, त्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस, गंधक हे सहा सगळ्यांनाच. चौथी गोष्ट पुस्तकं विसरतात: टाकाऊ पदार्थ वाहून जायला वाट. यीस्टच्या बाटलीत साखर उरलेली असतानाही काम मंदावतं, कारण मद्यार्क साचतो.

पाणी 'आहे' यापेक्षा 'मोकळं आहे का' हे बघायचं. घट्ट साखरपाकात पाणी असतं, पण ते साखरेने धरून ठेवलेलं. शुद्ध पाण्याला १ मानलं तर बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत, आणि ०.६ च्या आसपास सगळ्यांचीच वाढ थांबते. यीस्टच्या प्रयोगात सहावी बाटली करा: १०० मिलिलिटर पाण्यात १५० ग्रॅम साखर. अन्न भरपूर, ऊब आहे, तरी फुगा पडून राहतो. पाणी बाहेर खेचलं जाऊन पेशी आक्रसतात. 'जास्त अन्न म्हणजे जास्त वाढ' हा समज तिथे मोडतो.

मरणं आणि थांबणं यात फरक करा, नाहीतर वरचे आकडे चुकीचे वाचले जातील. हे वाढीचे आकडे आहेत. जलअस्वल हा सूक्ष्म प्राणी अंगातलं पाणी ३ टक्क्यांच्या आसपास आणून गोळा होऊन पडतो आणि २००७ मध्ये अवकाशाच्या निर्वातात दहा दिवस राहून आलेले काही जिवंत निघाले. पण गोळा झालेला असताना तो वाढत नाही, खात नाही. बियासारखंच.

बीजांकुर

+१. एक जोड आणि एक दुरुस्ती.

'वनस्पती मातीतून अन्न घेतात' हे वाक्य पाठात असेल तर काढा. सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ व्हॅन हेल्माँट यांनी २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावून पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती सुमारे २ औंस घटली. (हे प्रसिद्ध झालं १६४८ मध्ये.) त्यांनी निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. मातीचं नाही इतकं बरोबर, बाकी चूक. वाळलेल्या झाडाचा जवळजवळ निम्मा भार कार्बनचा, आणि तो हवेत जेमतेम ०.०४ टक्के असलेल्या वायूतून येतो. पण ते २ औंस दुर्लक्षून चालत नाही. वनस्पतींना १७ मूलद्रव्यं लागतात. त्यातलं मॉलिब्डेनम किंवा निकेल नगण्य प्रमाणात लागतं, पण अजिबात नसेल तर रोप बिघडतं.

दुरुस्ती माझ्याच प्रतिसादाला: तेलाच्या थराच्या प्रयोगात बाटली काठोकाठ भरा. तेलाखाली हवेचा बुडबुडा राहिला तर बुडालेल्या वाटाण्याला परत मोड येईल आणि तुम्ही इथे परत धागा काढाल.

किण्व

माझंही एक राहिलं. फुग्याऐवजी बूच घट्ट लावून बाटली रात्रभर ठेवू नका. १० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे २.८ लिटर वायू होतो, आणि बाटली अर्ध्या लिटरची. काचेची असेल तर फुटते. मुलांना घरी करायला सांगणार असाल तर प्लास्टिकची बाटली आणि फुगाच सांगा, आणि फुग्याला टाचणीने एक बारीक भोक पाडून ठेवा. वायू हळू निसटतो, पण चालू असेपर्यंत फुगा उभा राहतो.